गोष्टीचे माहेर आणि गोष्टीचे सासर

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात मराठी मालिकांवर परिसंवाद झाला. पहिल्या वक्त्यांनी सांगितले की, आज गाजणाऱ्या मराठी मालिकांपैकी कितीतरी मालिका बंगाली, तमिळ किंवा मल्याळम मालिकांवरून घेतलेल्या आहेत. ज्या भाषेत कथा-कादंबऱ्यांची एवढी श्रीमंती आहे तिने दारोदार गोष्टी मागत फिरावे ही लाजेची बाब आहे. आणि या उसनवारीला खतपाणी घालतात त्या दुपारभर मोबाईलवर मालिकांच्या गप्पा मारणाऱ्या बायका. दुसऱ्या वक्त्यांनी उत्तर दिले की, लोक पाहतात म्हणून मालिका चालतात, टीआरपीचे आकडे सर्वांसमोर आहेत, मग तक्रार कसली? सभागृहाने दोघांनाही सारख्याच टाळ्या दिल्या. मी मात्र अस्वस्थ होऊन घरी आले. पहिल्या वक्त्यांच्या लेखी मालिका पाहणारी बाई अपराधी होती आणि दुसऱ्यांच्या लेखी ती नुसता आकडा होती. ती काय पाहते, आणि पाहून झाल्यावर मैत्रिणींशी काय बोलते, याची चौकशी दोघांपैकी कुणालाच करावीशी वाटली नाही.

माझे म्हणणे आधीच सांगते. गोष्ट कोणत्या भाषेतून आली यावरून ती आपली की परकी हे ठरत नाही. तिचे माहेर कुठलेही असो. ती आपल्या घरात नांदते का, इथल्या ओट्यावर, इथल्या पगारात, इथल्या बोलीत तिचा जीव रमतो का, हा खरा प्रश्न आहे. आणि तिचे नांदणे ठरते ते समीक्षकाच्या लेखात किंवा आकड्यांच्या तक्त्यात ठरण्याच्या कितीतरी आधी, ज्यांना आपण ‘टाइमपास’ म्हणून हिणवतो त्या रोजच्या गप्पांमध्ये.

या गप्पा कशा असतात हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आम्ही शाळेतल्या अकरा मैत्रिणी आहोत. व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा एक ग्रुप आहे आणि साठीकडे झुकलेल्या बायकांच्या ग्रुपवर जे असते ते सगळे त्यावर असते: कुणाच्या गुडघ्याचा एक्स-रे, कुणाच्या सुनेचे डोहाळजेवण, तूरडाळीचा भाव, नळाला पाणी किती वाजता आले. यातच ‘आई कुठे काय करते’ ही मालिका कधी शिरली ते कळलेच नाही. मालिकेतली अरुंधती ही पंचवीस वर्षे संसार केलेली गृहिणी. नवऱ्याने फसवल्याचे कळल्यावर ती हळूहळू स्वतःच्या पायावर उभी राहते. एका संध्याकाळी एकीने लिहिले, “इतकी वर्षं संसार केल्यावर बाईला बाहेरचे व्यवहार इतके नवे वाटतील का गं? मला नाही पटत.” मी एकतीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसले आहे. नवऱ्याच्या तेराव्यानंतर प्लास्टिकच्या पिशवीत मुदत ठेवींच्या पावत्या, विम्याचे कागद आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स कोंबून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. “नॉमिनी कोण आहे?” असे विचारल्यावर त्या आधी शेजारी उभ्या असलेल्या दिराकडे पाहत. मी ते लिहिले. त्यावर तिसरीने लिहिले, “माझं पण तसंच आहे. लॉकरची किल्ली कुठं असते ते मला आजच विचारलं पाहिजे.” आणि तिने खरोखरच विचारले. दुसऱ्या दिवशी, कुकरची शिट्टी होईपर्यंत मिळालेल्या वेळात, तिने सांगितले की घरात यावरून बरेच बोलणे झाले, पण किल्ली आता तिच्या पेटीत आहे.

हे सगळे दहा-बारा ओळींत झाले. एका पात्राची विश्वासार्हता तपासली गेली, तिच्या बाजूने आणि विरोधात पुरावे आले, आणि पुरावे देणाऱ्यांनी ते पुस्तकांतून नव्हे, स्वतःच्या आयुष्यातून काढले. याला समीक्षा म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? विद्यापीठातला अभ्यासक हाच प्रश्न ‘वास्तवदर्शन’ या शब्दाखाली विचारतो. माझ्या मैत्रिणीने तो ‘मला नाही पटत’ या तीन शब्दांत विचारला, एवढाच फरक.

आता उसनवारीच्या आरोपाकडे येते. ‘आई कुठे काय करते’ चे मूळ ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेत आहे, आणि ती मालिका लीना गंगोपाध्याय यांनी लिहिली आहे. हिंदीत त्याच बीजातून ‘अनुपमा’ निघाली. तेलुगू, तमिळ, मल्याळम, कन्नड अशा भाषांतही ती गोष्ट गेली. ‘रंग माझा वेगळा’ मल्याळममधून आली, ‘सहकुटुंब सहपरिवार’ तमिळमधून, ‘ठरलं तर मग’ सुद्धा तमिळमधूनच. म्हणजे वक्त्यांची माहिती चुकीची नव्हती. चुकला तो त्यांनी काढलेला निष्कर्ष. एकच बीज कुठे काय झाले ते पाहा. हिंदीतली अनुपमा अहमदाबादच्या गुजराती घरात राहते आणि नृत्यातून स्वतःला सापडते. मराठीतली अरुंधती देशमुखांच्या घरात राहते आणि गाण्यातून उभी राहते. हा बदल वरवरचा आहे का? ज्या समाजात मुलीला पेटीवर बसवून सरगम घोटून घेणे आणि लग्न झाले की ती पेटी माळ्यावर टाकणे हे घराघरांत घडले आहे, तिथे बाई पुन्हा गाऊ लागते तेव्हा प्रेक्षकाला आपली आई, आपली मावशी आठवते. शिवाय मूळ बंगाली मालिका 2021 च्या डिसेंबरात संपली आणि मराठी मालिका 2024 च्या नोव्हेंबरापर्यंत चालली. ही जवळजवळ तीन वर्षे तिने कुणाचे पाहून लिहिले?

आणि ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले ते कालिदासाचे. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘झुंझारराव’ लिहिला तो शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ वरून. ‘संशयकल्लोळ’ तर मराठी माणसाच्या हाडीमाशी खिळले आहे. 1916 साली ते संगीत रूपात आले आणि आजही होते. त्याचे मूळ आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या ‘ऑल इन द राँग’ या 1761 च्या नाटकात आहे आणि त्या नाटकाचे मूळ फ्रेंच मोलिएरमध्ये. म्हणजे ती उसनवारीचीही उसनवारी झाली. पण देवलांनी पात्रांची नावे ठेवली ती फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या. महिने आणि नक्षत्रे ज्यांच्या जिभेवर आहेत अशा प्रेक्षकाला ती नावे ऐकताच पंचांग उघडल्यासारखे वाटले असेल. पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलिअन’ या इंग्रजी नाटकावरून ‘ती फुलराणी’ केली तेव्हा तर त्यांच्यापुढे याहून अवघड काम होते. शॉचे सगळे नाटक लंडनच्या उच्चारांवर उभे आहे; त्याचे भाषांतर होऊच शकत नाही. त्यांनी भाषांतर केलेही नाही. प्रमाण मराठी आणि तिच्या बाहेर ठेवलेली मराठी यांच्यातली दरी त्यांनी दाखवली आणि ती आपलीच दरी होती. या नाटकांना ‘रिमेक’ म्हणून कुणी नाक मुरडल्याचे मला आठवत नाही. मग बंगालीतून आलेल्या गृहिणीनेच कोणता गुन्हा केला? नाटक पुरुषांनी लिहिले आणि नाट्यगृहात पाहिले म्हणून ती परंपरा, आणि मालिका बायका स्वयंपाकघरातून पाहतात म्हणून ती चोरी, असे तर नाही ना?

तरीही विरुद्ध बाजूचे काही मुद्दे इतके बळकट आहेत की त्यांना बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला मुद्दा लेखकाच्या पोटाचा. परभाषेत कस लागलेली गोष्ट आणली की वाहिनीचा धोका कमी होतो. मग नवी गोष्ट घेऊन आलेल्या मराठी लेखकासाठी दार किलकिलेही होत नाही. हे खरे आहे आणि हे दुखणे गंभीर आहे. पण याचा उपाय परकी गोष्ट हाकलण्यात नाही. आपल्या कादंबऱ्या मालिकांत का येत नाहीत याचे कारण भाषेत नाही, ते आजच्या मालिकेच्या घडणीत आहे. आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षे, शेवट ठरलेला नाही अशा साच्यात तीनशे पानांची कादंबरी बसवायची म्हटली की तिच्यात पाणी घालावेच लागते. पूर्वी दूरदर्शनवर तेरा भागांची मालिका असे. ‘मालगुडी डेज’ 1986 साली तशीच आली. आर. के. नारायण यांचे इंग्रजी, त्यांच्या मनातले दक्षिणेतले गाव, शंकर नाग यांचे दिग्दर्शन, कर्नाटकातल्या आगुंबे गावातले चित्रण आणि पात्रांच्या तोंडी हिंदी! एवढ्या भाषांतून फिरून आलेली ती गोष्ट आमच्या वाड्यातल्या मुलांनी आपलीच मानली. ती टिकली कारण तिला कुठे थांबायचे ते ठाऊक होते. वाहिन्यांकडे मागणी करायचीच असेल तर मोजक्या भागांच्या मालिकांची करा. तसे झाले तर मराठी कादंबरी आपोआप दारात येईल. आणि जी गोष्ट बाहेरून घेतली तिच्या मूळ लेखकाचे नाव प्रेक्षकांना ठसठशीतपणे सांगा. लीना गंगोपाध्याय हे नाव आमच्या ग्रुपवरच्या अकराजणींपैकी एकीलाही माहीत नव्हते, आणि याची मला खंत वाटते.

दुसरा मुद्दा पुस्तकप्रेमींचा. मालिका आली की पुस्तकाचा घात होतो, असे ते म्हणतात. एकदा पडद्यावर चेहरा दिसला की मनातला चेहरा पुसला जातो. यात तथ्य आहे. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांना दिलीप प्रभावळकरांचा चेहरा आणि गुंड्याभाऊंना बाळ कर्व्यांची देहयष्टी मिळाली, त्यानंतर माझ्या पिढीतल्या कुणालाही ती पुस्तके त्या दोघांना बाजूला ठेवून वाचता आलेली नाहीत. पण इथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. त्या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतात. त्यांचा विनोद प्रसंगात जितका आहे त्याहून जास्त त्यांच्या सांगण्याच्या सुरात आहे. आपली फजिती सांगतानाही स्वतःच्या शहाणपणावरचा विश्वास न ढळणारा तो सूर. पडद्यावर असा निवेदक सतत बोलत ठेवता येत नाही. मग तो सूर न्यायचा कुठे? तो नटाच्या चेहऱ्यावर न्यावा लागतो, कोटाची बटणे लावण्याच्या पद्धतीत न्यावा लागतो, घाबरल्यावर एक पाऊल मागे घेण्यात न्यावा लागतो. जो दिग्दर्शक पानावरचे प्रसंग एकामागून एक चित्रित करतो आणि सूर विसरतो, त्याने पुस्तकाशी इमान राखले असे म्हणायचे का? ‘पुस्तकात असे नाही’ हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. प्रसंगांची यादी ताडून पाहणे सोपे असते. पुस्तकातले काय जिवंत राहिले हे सांगण्यासाठी आधी पुस्तक अंगात मुरलेले असावे लागते.

ऐतिहासिक मालिकांचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्यात मी माघार घ्यायला तयार आहे. ज्या माधवराव पेशव्यांची थेऊरला समाधी आहे त्यांच्यासारख्या खऱ्या माणसाच्या तोंडी वाटेल ते घालण्याची मोकळीक कुणालाच नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ कादंबरी 1962 साली आली, तिच्यावर दूरदर्शनने मालिका केली, आणि माधवराव म्हणजे रवींद्र मंकणी, रमाबाई म्हणजे मृणाल देव हे समीकरण घराघरांत पक्के झाले. लक्षात घ्या, इथे ‘मूळ’ म्हणून आपण जिच्याकडे बोट दाखवतो ती कादंबरीच इतिहासाचे रूपांतर आहे. मालिका कादंबरीशी कितीही इमानी असली तरी इतिहासाशी ती इमानी आहे का, हा प्रश्न उरतोच आणि तो विचारलाच पाहिजे. आमच्या ग्रुपवर तो विचारला गेला. एकीने ती जुनी मालिका मोबाईलवर पुन्हा पाहायला घेतली होती. तिने लिहिले, “लहानपणी रमाबाई सती जातात तेव्हा मी रडले होते, किती हे प्रेम म्हणून. आता बघताना वाटलं, ऐन तारुण्यातली मुलगी जळून गेली आणि आपण त्याला प्रेम म्हणत होतो!” माधवराव 1772 च्या नोव्हेंबरात गेले आणि रमाबाई सती गेल्या हे आम्हाला शाळेत सनावळीसारखे पाठ होते. त्या सनावळीमागची मुलगी आम्हाला पन्नाशी उलटल्यावर, एका मैत्रिणीच्या दोन ओळींनी दिसली. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर रात्री अकरापर्यंत कुणी झोपले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो इतिहासकार रोमिला थापर यांनी 1989 साली रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेच्या संदर्भात मांडला होता. त्यांचे म्हणणे असे की, या देशात रामकथा एक नाही, अनेक आहेत. दूरचित्रवाणीने त्यातली एकच देशभर पोहोचवली की बाकीच्या झाकल्या जातात. हा धोका काल्पनिक नाही. सागर यांनी आपल्या श्रेयनामावलीत वाल्मीकी, तुलसीदास, कंबन यांच्याबरोबर एकनाथांच्या भावार्थ रामायणाचाही उल्लेख केला होता, पण पडद्यावर शेवटी एकच राम आणि एकच सीता दिसणार. रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडत तेव्हा कोट्यवधी माणसे एकच पाठ डोळ्यांत साठवत होती. मग माझ्या युक्तिवादाचे काय झाले?

याचे उत्तर मला माझ्या आजीने दिले होते, तेव्हा ते मला कळले नव्हते. आमच्या आळीत दोनच टीव्ही होते आणि त्यातला एक आमच्या घरी. सतरंजीवर पंचवीस-तीस माणसे बसलेली असत. पुढे ‘उत्तर रामायणा’त सीतेच्या वनवासाचा प्रसंग आला तेव्हा आजी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, “हे अर्धंच सांगताहेत. कैकेयीनं सीतेकडून रावणाच्या पायाचा अंगठा भिंतीवर काढून घेतला आणि वरचा रावण आपण चितारला, ते कुठं गेलं? आमच्या ओवीत आहे ना!” दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकीने ती ओवी म्हणूनही दाखवली. पडद्यावर तोवर दुसरा प्रसंग सुरू झाला होता, आणि सतरंजीवर मात्र दुसरे रामायण चालू होते. एकच पाठ सगळीकडे पसरतो तेव्हा त्याला उलट बोलणारे माणूस लागते. ते विद्वान असेल तर चांगलेच, पण प्रत्येक घरात विद्वान कुठून आणायचा? गप्पा असतात. समोर दिसते ते मुकाट्याने गिळणारा प्रेक्षक धोक्यात असतो. ‘आमच्यात असं नाही’ म्हणणारा प्रेक्षक बाकीच्या रामकथा जिवंत ठेवत असतो.

आजीची ओवी ही एकटीची नव्हती. पुण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीता पुन्हा पुन्हा येते. पण ती अयोध्येच्या राजवाड्यातली सीता नसते. ती सासुरवाशीण असते, रानात एकटी बाळंत झालेली बाई असते, आणि दळणारणीच्या दुःखापासून तिचे दुःख वेगळे काढता येत नाही. पहाटे दोघी जात्याला बसत, एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती पुढे न्यायची. मधेच पीठ किती झाले ते पाहायचे, मधेच रडणाऱ्या मुलाला मांडीवर घ्यायचे, आणि पुन्हा सीता. रोजचे आयुष्य आणि महाकाव्याचे रूपांतर यांची वीण इतकी घट्ट होती. आज आमच्या ग्रुपवर एक्स-रे आणि अरुंधती एकाच दमात येतात तेव्हा काही जणांना ती विचारांची भेसळ वाटते. मला ते जाते दिसते.

चौथा आक्षेप असा की, या गप्पा उथळ असतात, कधी कधी दुष्टही असतात. हेही मान्य. खलनायिकेचे काम करणाऱ्या नटीला लोक खरोखरीची वाईट बाई समजून शिव्या घालतात, तिच्या कपड्यांवर आणि घरादारावर बोलतात. हे लाजिरवाणे आहे आणि त्याचे समर्थन होऊच शकत नाही. मात्र अनोळखी माणसावर चिखल फेकणारी गर्दी वेगळी आणि पन्नास वर्षे एकमेकींना ओळखणाऱ्या मैत्रिणी वेगळ्या. मैत्रिणींत चुकीचे बोलले की लगेच कान पकडला जातो. उथळपणाचे म्हणाल, तर आमच्यातल्या ज्या मैत्रिणीचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले ती ग्रुपवर फक्त फुलांचे चित्र आणि ‘सुप्रभात’ एवढेच टाकत असे. अरुंधतीच्या दुसऱ्या लग्नाचे भाग चालू होते तेव्हा बाकीच्यांची जोरदार वादावादी झाली. या वयात लग्न कशाला, मुले काय म्हणतील, लोक काय म्हणतील. तिने दोन दिवस काहीच लिहिले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा लांबलचक संदेश आला. त्यात मालिकेबद्दल एकच वाक्य होते, बाकी सगळे तिच्या संध्याकाळींबद्दल. सहा वर्षांत आम्ही तिला ‘कशी आहेस’ असे शेकडो वेळा विचारले होते आणि तिने ‘मजेत’ असे शेकडो वेळा उत्तर दिले होते. स्वतःबद्दल बोलायला तिला अरुंधतीची आडोशाची भिंत लागली. महर्षी कर्व्यांनी 1893 साली एका विधवेशी लग्न केले तेव्हा त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले. आज वाळीत कुणी टाकत नाही, पण पन्नाशीच्या बाईला सोबत हवीशी वाटते हे तिच्या तोंडून ऐकण्याची आपली तयारी किती आहे? ती तयारी आमच्या अकराजणींत एका मालिकेमुळे झाली, आणि ती मालिका बंगालीतून आली होती म्हणून मी तिचे आभार कमी मानू का?

टीआरपीवाल्यांना मात्र या सगळ्यातले काहीच दिसत नाही. टीआरपी मोजण्यासाठी काही निवडक घरांत बसवलेले मीटर सांगते ते एवढेच की, त्या घरात टीव्ही कोणत्या वाहिनीवर किती मिनिटे होता आणि घरातल्या कुणी आपण पाहत असल्याचे बटण दाबले होते. पोळ्या लाटताना मागे मालिका नुसती चालू होती, की बाई लाटणे हातात धरून तशीच उभी राहिली, हे मीटरला कसे कळणार? कोणते वाक्य खोटे वाटले हेही त्याला कळत नाही. ते गप्पांना कळते, आणि फार नेमके कळते. “मी तुझी मदत करते” असे एका पात्राने म्हटल्याबरोबर आमच्या ग्रुपवर लिहून येते, “‘तुझी मदत’ कोण म्हणतं गं आपल्यात? ‘तुला मदत’ ना!” हिंदी संवादावर मराठी प्रत्यय चढवून काम उरकलेले असते ते तिथल्या तिथे उघडे पडते. मराठी लग्नात संगीत आणि मेहंदीचे तीन तीन भाग दाखवतात, आणि रुखवताचे ताट कुठे दिसत नाही. घरातली बाई झोपतानाही ठुशी आणि बांगड्या काढत नाही, आणि तिच्या ओट्यावर कधी दूध उतू जात नाही. उसनवारीची चीड असलेल्यांनी आपली चीड इथे खर्च करावी. गोष्ट बाहेरून आणली यात दोष नाही. आणून तिला पाहुणीसारखी दिवाणखान्यात बसवून ठेवली, स्वयंपाकघरात येऊच दिले नाही, हा दोष आहे. आणि तो दोष रोज दाखवून देणाऱ्या बायकांनाच परिसंवादात अपराधी ठरवण्यात आले.

प्रेक्षकावर विश्वास टाकण्याची वेळ या देशात पूर्वीही आली होती. भीष्म साहनींच्या ‘तमस’ कादंबरीवर गोविंद निहलानींनी केलेली मालिका 1988 च्या सुरुवातीला दूरदर्शनवर आली तेव्हा ती बंद करावी म्हणून लोक न्यायालयात गेले. फाळणीच्या दंगली पाहून माणसे भडकतील अशी भीती घातली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली. सर्वोच्च न्यायालयानेही ती नाकारली, आणि त्यासाठी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी पूर्वी घालून दिलेली कसोटी वापरली: परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने, डळमळीत मनाच्या माणसाच्या मापाने नव्हे. रक्तपात दाखवणारी मालिका सामान्य माणूस समजून घेईल असे न्यायालयाला वाटले. मग एका गृहिणीच्या संसाराची गोष्ट पाहणाऱ्या बाईला समज नाही असे आपण कोणत्या मापाने ठरवतो?

परिसंवादानंतर चार दिवसांनी मी वाचनालयाच्या सचिवांना भेटले. पुढच्या वेळी व्यासपीठावर वक्त्यांबरोबर रोज मालिका पाहणाऱ्या तीन बायकांनाही बसवा, असे मी सुचवले. सचिव भले गृहस्थ आहेत, त्यांनी चहा मागवला आणि विचारले, “ताई, पण त्या बोलणार काय?” मी मोबाईल काढला आणि माझ्या त्या मैत्रिणीने तिच्या लांब संदेशाच्या शेवटी लिहिलेले, मालिकेबद्दलचे ते एकुलते एक वाक्य, तिला विचारून, त्यांना वाचून दाखवले: “एकटी राहायला लागलेली बाई रात्री ताट वाढून घेते की ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच जेवते, हे मालिका लिहिणाऱ्यांनी कधी कुणाला विचारलं असेल का गं?” सचिवांनी चष्मा काढला आणि ते वाक्य मला पुन्हा एकदा वाचायला सांगितले.